पहिली बंदूक ठेवू, की चालणारी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

सिंधुदुर्गातले एक बागायतदार लिहितात. वय ७१. हापूस आणि काजूची बाग, खाली थोडं भात. १९८० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या आंब्याच्या पहिल्या पैशातून कोल्हापूरहून बारा बोअरची सिंगल बॅरल, म्हणजे एका नळीची बंदूक आणली, बाहेर घोडा असलेली. वडिलांची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) होती पण ती वडील कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. पुढे १९९८ ला एक डबल बॅरल घेतली, आणि राखणीला गेली पंचवीस वर्षं तीच वापरली. गुडघ्यांमुळे आता रात्रीचं बागेत जाणं बंद झालंय. पण जीव मात्र पहिलीवर. दर महिन्याला तेल, दसऱ्याला पूजा, आणि पूजा झाली की अंगणात हवेत एक बार, हे चुकलं नाही. परवान्याची मुदत येत्या डिसेंबरात संपतेय. पुण्याचा मुलगा म्हणतो की बाबा, आता दोन्ही जमा करून टाका, आणि ठेवायचीच असेल तर चालणारी एक ठेवा, ती जुनी भंगारात घाला. मागच्या वर्षी जुनीतून माकडांवर बार काढला तेव्हा धूर मागून तोंडावर आला. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने हिला आता बार देऊ नका असं सांगितलंय. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. आठ वर्षांचा नातू मे महिन्यात येतो, बंदूक पडवीत खुंटीवर असते. मुलगी कणकवलीला असते, बागेची फवारणी, मजुरांचा हिशोब सगळं तीच बघते. शेवटी लिहिलंय, "मुलाला ते लोखंड दिसतं. मला तसं दिसत नाही. ती गेली तर माझ्यातलं काय राहिलं? मी हट्टी आहे का?"

---

काका, नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तुम्ही हट्टी नाही आहात. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला असं वाटलं की तुमच्या घरात भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय. मुलगा विचारतोय उपयोगाची कुठली, तुम्ही सांगताय जिव्हाळ्याची कुठली, आणि ज्यावर खरं तर सगळं अडणार आहे तो प्रश्न, म्हणजे तुमच्यानंतर ही कोणाच्या नावावर, तो पत्रात कुठेच नाहीये. त्याच्याकडे येतेच मी. पण त्याआधी जिव्हाळ्याबद्दल थोडं बोलते, कारण त्याला घरात कोणी नीट ऐकून घेतलेलं दिसत नाही.

१९८० म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा व्हायच्या आधीचं वर्ष. जिल्हा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे तुमचा पहिला परवाना रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीचा असणार, जुन्या पुस्तकावर तोच शिक्का असेल. त्या काळात तुमच्या गावाहून रत्नागिरीला जायचं म्हणजे एसटीने अख्खा दिवस, सातबारा काढा, तलाठ्याकडे जा, पोलिसांची चौकशी, गावात चार लोकांना विचारणार की पोरगा कसा आहे, दारू पितो का, भांडखोर आहे का, आणि मग साहेबाची सही. सव्विसाव्या वर्षी सरकारने आणि गावाने मिळून लिहून दिलं की ह्या माणसाच्या हातात बंदूक द्यायला हरकत नाही. आणि ते सुद्धा अशा घरात जिथे वडील स्वतःची ठासणीची हातात देत नव्हते. मला तरी वाटतं की पहिल्या बंदुकीत जीव अडकतो तो इथे. डबल बॅरल जास्त चांगली असेल, जास्त वर्षं वापरली असेल, पण ती घेताना तुम्ही आधीच बागायतदार होतात, घरचे कर्ते होतात. पहिली घेताना तुम्ही ते होत होतात.

बऱ्याच जणांचं असंच असतं. ज्यांच्याकडे पुढे भारीतली हत्यारं आली त्यांनाही विचारलं की सगळ्यात आवडती कुठली तर पहिलीचंच नाव घेतात, मग ती कितीही साधी असो. आपल्या शेजारी कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गमध्ये) बघा. तिथे भाताची लावणी आटोपली की सप्टेंबरात कैलपोढ नावाचा सण असतो, घरातल्या बंदुका पूजेला ठेवतात आणि त्यांना कळलावीचं फूल वाहतात, तेच आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर दिसतं ते लाल-पिवळं. मूल जन्मलं तरी बार काढायची तिथे रीत आहे, घरातलं माणूस गेलं तरी आहे. तेव्हा बंदुकीवर माया असणं हे काही विचित्र नाही, आणि मुलाने त्याला लोखंड म्हणणं तुम्हाला लागलं हेही मला समजतं.

पण कोडगूच्या लोकांना एक सवलत आहे जी आपल्याला नाही. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेच्या) जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या परवान्यातून ब्रिटिशांच्या काळापासून सूट मिळत आलीय. आपल्याकडे बंदूक घराची नसते. ती एका माणसाच्या नावाची असते, त्याच्या फोटोची, त्याच्या सहीची. तुमची पहिली बजाज स्कूटर असती तर गोठ्यात गंजत ठेवली असती आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. बंदुकीचं तसं करता येत नाही. तुम्ही उद्या नसलात तर परवा ती घरात असणं हाच गुन्हा होऊ शकतो आणि त्यात अडकणार कोण, तर ज्याला ती नकोच होती तो तुमचा मुलगा. परवानाधारक गेला की घरच्यांनी ती विनाविलंब पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या बंदूक दुकानदाराकडे जमा करायची असते. दुःखात हे कोणाच्या लक्षात राहत नाही, सहा महिने ती खुंटीवरच राहते, मग कोणीतरी विचारतं आणि धावपळ होते. तुमच्या मुलाच्या "दोन्ही जमा करा" च्या मागे ही भीती असेल का हे एकदा त्याला विचारा. मला तसं वाटतंय. तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, त्याला पोलीस, परवाना, रिन्युअल हे सगळं अंगावर येत असेल आणि ते सरळ बोलायच्या ऐवजी तो भंगार म्हणून मोकळा झाला.

भंगाराचं मात्र मनातून काढूनच टाका, दोघांनीही. परवान्यावरची बंदूक भंगारवाल्याला देता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूने काही लोक सांगतात की घोडा काढून टाका, नळी थोडी कापा आणि भिंतीवर शोभेला लावा, तर तेही करू नका. नळी कापून आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. कायद्यात जुन्या, मोडक्या हत्याराला सूट आहे हे खरं, पण ती कशाला, तर जे दुरुस्त करूनसुद्धा पुन्हा चालवता येणार नाही अशाला. तुमच्या बंदुकीची फक्त कडी (नळी मागून बंद धरणारी) सैल झाली असेल किंवा नळीला आतून खड्डे पडले असतील, ती बहुधा दुरुस्त होऊ शकते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती अजून पूर्ण बंदूक आहे. ती "मेलीय" हे ठरवणारे आपण नाही.

आता मुलाचं दुसरं म्हणणं, की ठेवायची तर चालणारी ठेवा. इथे मी तुमच्या बाजूने आहे आणि कारण सांगते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की गुडघ्यांमुळे आता रात्रीचं बागेत जाणं बंद झालंय. मग चालणारी बंदूक घरात कशासाठी? राखण करणारा हात नसेल तर डबल बॅरल म्हणजे कपाटातलं एक भरवशाचं धोकादायक हत्यार, बाकी काही नाही. शिवाय रानडुकराला मारायचं तर वनखात्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला तसंही करता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचे दिवस संपलेच. माकडांना हुसकवायला नुसता आवाज पुरतो आणि तो काढायला बंदूकच लागते असं नाही. भाताला डुकराचा त्रास असेल तर सौर कुंपणाचं बघा, नुकसान झालं तर वनखात्याकडे वेळेत अर्ज करून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. म्हणजे उपयोगाच्या हिशोबाने बघितलं तर दोघींपैकी जास्त रिकामी डबल बॅरलच आहे. एकच ठेवायची वेळ आली तर मी पहिलीच ठेवा म्हणेन, आणि दुसरी परवाना असलेल्या माणसाला किंवा दुकानदाराला रीतसर विकून टाका. विकताना कलेक्टर ऑफिस किंवा पोलीस स्टेशनला कोणाला विकतोय ते लेखी आधी कळवायचं, कळवल्यानंतरची ठरलेली मुदत पाळायची, आणि परवान्यावरून नोंद कमी करून घ्यायची. नुसते पैसे घेऊन हातात द्यायची नाही, ओळखीचा असला तरी.

(दोन्ही ठेवायला कायद्याची आडकाठी नाही हेही सांगून ठेवते. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तुमच्या दोनच आहेत. पण वडिलांची ठासणीची अजून घरात कुठे असेल आणि ती कुठल्याच परवान्यावर नसेल तर ती गोष्ट आधी निस्तरा, आजच्या आज पोलीस स्टेशनला जाऊन. पत्रात तिचं पुढे काय झालं ते नाही म्हणून विचारतेय.)

पण पहिली ठेवायची असेल तर माझ्या तीन अटी आहेत आणि त्यातली एक तुम्हाला आवडणार नाही.

न आवडणारी आधी. तिला आता बार द्यायचा नाही. दसऱ्यालाही नाही. धूर मागून तोंडावर आला ह्याचा अर्थ बहुधा नळी आणि मागची कडी नीट मिळत नाहीये, तिथून गॅस बाहेर येतोय. काडतूस फुटतं तेव्हा आतला दाब प्रचंड असतो, पुढच्या वेळी धुराच्या जागी काडतुसाच्या बुडाचा पत्रा डोळ्यात येऊ शकतो. जुन्या बंदुकांचं अजून एक असतं, काडतुसाचं घर (नळीत काडतूस बसायची जागा) बऱ्याचदा आखूड असतं, अडीच इंचाचं, आणि हल्ली मिळणारी बरीच काडतुसं पावणेतीन इंचाची. ती आत बसतात, म्हणून माणसाला वाटतं चालतंय, पण फुटल्यावर पुढचं तोंड उघडायला जागाच नसते आणि दाब अजून वाढतो. तुमची कुठली आहे ते कारागिराकडून मोजून घ्या, पण मोजलं तरी बार नाहीच. आणि हवेत बार काढण्याबद्दल, २०१९ पासून आनंदाच्या प्रसंगी असा बार काढून कोणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेलं शिसं खाली येतंच आणि वाडीत आता पूर्वीसारखी मोकळी जागा नाही. दसऱ्याची पूजा करा, झेंडूची माळ घाला, आपट्याचं पान ठेवा. बार सोडून बाकी सगळं तसंच ठेवा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय मोडायला सांगतेय ह्याची मला जाणीव आहे, तरीही सांगतेय.

दुसरी अट खुंटीची. पडवीतली खुंटी आजपासून बंद. तुम्ही म्हणाल इतकी वर्षं तिथेच आहे, काही झालं नाही, घरातली पोरं तिच्याखालून खेळून मोठी झाली. हे वाक्य बंदूक असलेल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. पण तुमची मुलं वर्षभर तिथे राहून, तुमच्या नजरेखाली मोठी झाली. नातू वर्षातून एक महिना येतो, त्याच्यासाठी ती आजोबांची भारी वस्तू आहे, आणि आठ वर्षांचं पोर खुर्चीवर चढतं. लोखंडी कपाट, कुलूप, किल्ली तुमच्या कमरेला. काडतुसं त्याच कपाटात नाही, वेगळ्या कुलपात. आणि पहिलीला बार द्यायचाच नसेल आणि डबल बॅरल विकणार असाल तर घरात काडतूस कशाला, आहेत ती दुकानदाराकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करा. कपाटात ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कोकणातल्या पावसात चामडं ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत गंज चढतो, वरून कळतही नाही. मोकळी, तेलाचा हात फिरवून, कपाटात ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदाचं तेल पुरणार नाही, दर आठवड्याला बघा.

तिसरी अट वारसाची, आणि ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तुम्ही पूर्ण पत्रात मुलाबद्दल लिहिलंय. मुलाला नको, मुलाला कळत नाही, मुलगा पुण्याला. आणि एका ओळीत, जाता जाता, मुलगी बाग बघते. काका, तुमच्या मागे राखण कोण करतंय? फवारणीला माणसं कोण लावतं, हिशोब कोण ठेवतं, डुकरांनी भात तुडवलं तर पहिला फोन कोणाला जातो? ज्या कारणासाठी १९८० मध्ये तुम्हाला परवाना मिळाला, शेतीचं संरक्षण, ते कारण आज जिच्या हातात आहे तिला बंदुकीबद्दल काय वाटतं हे तुम्ही विचारलंय का? मला पत्रावरून तरी वाटतं की नाही विचारलं. तुमच्या वडिलांनी ठासणीची तुमच्या हातात दिली नाही हे तुम्हाला इतक्या वर्षांनी सुद्धा लिहावंसं वाटलं. आता न विचारणारे तुम्ही आहात. हे मी टोचून बोलत नाहीये, आपल्याकडे हे असंच चालत आलंय, बंदूक म्हणजे बाप्याची वस्तू, आणि प्रश्न पडला की मुलाकडेच बघायचं. कायदा मात्र असं बघत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे आणि त्यात मुलगी आहे, बायको आहे, मुलगा आहे.

आणि त्यासाठी तुम्ही जायची वाट बघावी लागत नाही हे खूप जणांना माहीतच नसतं. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, ह्यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसासाठी अर्ज करू शकतो. तुमचं दोन्ही झालंय. म्हणजे मुलगी हो म्हणाली तर परवाना तुमच्या डोळ्यांदेखत तिच्या नावावर होऊ शकतो, तुम्ही तिला तेल कसं द्यायचं, कडी कशी उघडायची, भरलेली आहे का नाही हे हातात घेतल्या घेतल्या कसं बघायचं, सगळं शिकवू शकता. त्याला वेगळी प्रक्रिया आहे, पोलीस व्हेरिफिकेशन होईल, शस्त्र हाताळणीचं ट्रेनिंग सर्टिफिकेट लागेल, भावाची ना-हरकत लागेल, आणि परवाना द्यायचा की नाही हा शेवटी कलेक्टरांचा अधिकार आहे, मिळेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. अर्जात कारण खरं लिहा. वडिलांचं हत्यार वारसाने घेतेय असं सरळ लिहायला सांगा, पिकासाठी रोज लागते वगैरे नाही. खोटं कारण पुढे तिच्याच अंगाशी येईल.

तिला विचारताना एक काळजी घ्या. "माझ्यासाठी ठेव" असं म्हणू नका. मुली बापाला नाही म्हणत नाहीत, आणि तुम्हाला होकार मिळेल पण तो खरा नसेल, आणि मग दर पाच वर्षांनी रिन्युअल, निवडणूक आली की जमा करायचा निरोप, जावयाच्या घरात ठेवायची का हा प्रश्न, हे सगळं तिच्या मागे लागेल आणि ती तुमच्यावर चिडूही शकणार नाही. तिला हे सगळं कटकटीसकट सांगा, कागद समोर ठेवा, आणि आठ-पंधरा दिवस विचार करायला द्या. जावयांशी पण बोलू दे, त्यांच्या घरात लहान मुलं असतील तर तेही बघू दे. नाही म्हणाली तर तिच्यावर रुसायचं नाही, तिचं तुमच्यावरचं प्रेम बंदुकीवरून मोजायचं नाही. तुमचा जीव त्या बंदुकीत आहे कारण तुम्ही ती कमावलीत. तिने नाही कमावली. ती माया तशीच्या तशी तिच्यात उतरेल ही अपेक्षा मला जरा जास्तीची वाटते.

मुलगी नाही म्हणाली तर काय? मग दोन रस्ते राहतात. एक, जोपर्यंत तुम्हाला नीट सांभाळता येतंय तोपर्यंत तुमच्याच नावावर रिन्यू करा, आणि एका कागदावर लिहून ठेवा की मी गेल्यावर हे हत्यार अमुक पोलीस स्टेशनला किंवा अमुक दुकानात लगेच जमा करायचं, परवान्याचं पुस्तक कुठे आहे, कपाटाची किल्ली कुठे आहे. तो कागद मुलगा आणि मुलगी दोघांकडे द्या. बघा, मुलाचा अर्धा विरोध त्या कागदानेच कमी होईल. दुसरा रस्ता, तुम्ही स्वतःच्या हाताने जमा करा. ऐकायला वाईट वाटतं, पण मला ह्यात एक गोष्ट बरी वाटते, ज्याने आणली त्याने स्वतः, पुसून, तेल देऊन, पोच घेऊन ती सोपवायची, कोणीतरी दुसऱ्याने गोणपाटात गुंडाळून नेण्यापेक्षा. घाई नाही, पण ठरवायचं तुमच्याच हयातीत, हे मात्र नक्की.

कुठलाही रस्ता घेतलात तरी मुदत डिसेंबरात संपतेय हे विसरू नका, दोनेक महिने आधीच अर्ज टाका, हल्ली ते ऑनलाइन होतं. तुमच्या परवान्याला यूआयएन नंबर (सरकारच्या संगणक नोंदीतला परवान्याचा स्वतंत्र क्रमांक) मिळालाय का ते बघा, जुन्या पुस्तकवाल्या बऱ्याच लोकांचं ते राहून गेलंय आणि त्याशिवाय परवाना धरतच नाहीत. मुलीला बसवा कॉम्प्युटरसमोर, त्या निमित्ताने तिला सगळी फाइल पण दिसेल.

बाकी जे ठेवायला परवाना लागत नाही ते आत्तापासून गोळा करा. रत्नागिरीच्या शिक्क्याचं जुनं पुस्तक कधी जमा करायला लागलं तर आधी पानन्‌पान स्कॅन करून घ्या. दुकानाची पावती असेल तर ती. बंदुकीचा पट्टा, साफसफाईची काठी. मोबाइलवर तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा की कोल्हापूरला कोणाबरोबर गेलात, आंब्याचे किती पैसे झाले होते, येताना एसटीत कंडक्टर काय म्हणाला, घरी आल्यावर वडिलांनी हातात घेऊन बघितली का नाही. हे शेवटचं मला खरंच जाणून घ्यायचंय, पत्रात तुम्ही तिथे थांबलात. आणि तुमच्या पत्नीबद्दलची ती ओळ, की तुम्ही बागेतून आलात की त्या म्हणायच्या, "आधी तिका तेल लाव, मगे जेवक बस", ती सुद्धा रेकॉर्ड करा. घरात त्या बंदुकीला तुमच्याइतकंच जपणारं अजून एक माणूस होतं आणि ते तीन वर्षांपूर्वी गेलं. तुमच्या पत्रातला बराचसा त्रास मला तिथून आलेला दिसतोय.

म्हणूनच एक विचारते, राग मानू नका. "ती गेली तर माझ्यातलं काय राहिलं" हे तुम्ही बंदुकीबद्दल लिहिलंय, पण मी ते वाचून थांबले. झोप लागते का? जेवण जातं का? एकटं असताना जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येतात का? येत असतील, अगदी अधूनमधून येत असतील, तरी आज मुलीला फोन करा आणि हे तिला सांगा, आणि दोन्ही बंदुका आणि काडतुसं काही काळासाठी दुकानदाराकडे किंवा पोलिसांकडे ठेवा. कायमची नाही, मन ठिकाणावर येईपर्यंत. घरात पटकन हाताशी येणारं हत्यार नसणं ह्याने अशा दिवसांत खरोखर जीव वाचतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. जवळच्या डॉक्टरांशी बोललात तरी चालेल. आणि असं काही नसेल, नुसतं मन भरून आलं म्हणून लिहिलं असेल, तर फार बरं, पण विचारल्याशिवाय पुढे जाणं मला पटलं नसतं.

ज्यांच्या घरात वडिलांची किंवा सासऱ्यांची अशी बंदूक आहे आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी पण दोन ओळी. त्यांना भंगार, लोखंड, डोक्याला ताप असले शब्द वापरू नका. आधी विचारा की ही कशी आणली, आणि पूर्ण ऐका, मध्ये मोबाइल बघू नका. मग परवान्याची मुदत कधी संपतेय ते विचारा. ह्याच क्रमाने विचारा. उलट्या क्रमाने विचारलंत तर त्यांना तुम्ही त्यांच्या जाण्याची तयारी करताय असं वाटतं, आणि मग पुढचं बोलणंच होत नाही.

काका, तुमच्यासाठी आत्ताचं काम एवढंच की ह्या रविवारी मुलगी बागेत येईल तेव्हा तिला चहा झाल्यावर विचारा, आणि त्याच दिवशी खुंटीवरून कपाटात. मुलाला मी काय लिहिलंय ते वाचून दाखवलंत तरी चालेल, त्याच्यावर माझा राग नाही हे त्याला कळू दे. मुलगी काय म्हणाली ते मला कळवा, आणि ठासणीचीचं काय झालं तेही. तिचा नकार आला आणि जमा करायचं ठरलं, तर पोलीस स्टेशनला न्यायच्या आधी कुठले कागद लागतात ते पुन्हा एकदा नीट बघू, तिथे उगाच दोन-तीन खेपा घालायला लागू नयेत तुम्हाला, गुडघे दुखतायत.